दोन पालिका, दोन बोअर, एक वही

आमची सोसायटी विटाव्यात, म्हणजे ठाणे महापालिकेच्या हद्दीत. मागच्या भिंतीपलीकडची सोसायटी दिघ्यात, म्हणजे नवी मुंबई महापालिकेत. मध्ये पारसिकच्या डोंगरावरून उतरणारा पावसाळी नाला आणि पुरुषभर उंचीची भिंत. मालमत्ता कराची बिलं वेगळी, प्रभाग वेगळे, नळाचं पाणी येण्याच्या वेळाही वेगळ्या. बोअरचं पाणी मात्र एकच निघालं. ते एक आहे हे दोन्हीकडच्या लोकांना पटण्यात आणि मग ते कसं वापरायचं याचा लेखी समझोता करण्यात आमचे दोन उन्हाळे गेले. मी शाळेत भूगोल शिकवते आणि सोसायटीच्या कमिटीत पाण्याचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे या सगळ्यात पहिल्यापासून होते. जिथे दोन पालिकांच्या किंवा दोन तालुक्यांच्या हद्दी एकमेकींना खेटून आहेत, तिथल्या लोकांना उपयोगी पडेल म्हणून जरा तपशिलात लिहिते आहे.

झालं असं की, एप्रिलच्या मध्यावर आमच्या बोअरमध्ये हवा यायला लागली. मोटर चालू, पाइप थरथरतोय, पाणी भसकन येतंय आणि मध्येच तुटतंय. फ्लशची टाकी भरेना. प्लंबर म्हणाला, पाणी खाली गेलंय, पंप आणखी खाली सोडा, नाहीतर बोअर खोल करा. त्याच आठवड्यात गच्चीवरून दिसलं की पलीकडेही बोअरवाल्याची गाडी लागली आहे आणि ते त्यांचा पंप खाली सोडताहेत. आमच्या बैठकीत मग एकच सूर लागला: ते खाली गेले तर आपण त्यांच्याही खाली जाऊ. आमचा बोअर दोनशे फुटांचा, तो तीनशेवर न्यायचा.

मला ही शर्यत मान्य नव्हती. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टच्या काळ्या कातळावर आहे. गंगेच्या मैदानात वाळूचे थर मैलोन्‌मैल पाण्याने भरलेले असतात, तसं आपल्याकडे नाही. आपल्या कातळात पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरुमात, खडकाच्या भेगांत आणि लाव्हाच्या एका थरावर दुसरा थर बसला तिथल्या सांध्यात. खाली जावं तसतशा भेगा कमी होतात आणि मिटत जातात. म्हणून खोल बोअर म्हणजे जास्त पाणी हे गणित इथे सहसा जमत नाही. पुष्कळदा खोल बोअर वरच्याच भेगेतलं पाणी ओढून घेतो आणि शेजारची उथळ विहीर आटते. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत पडतो आणि डोंगरउतारावरून खाडीकडे धावतो. मुरतं ते वरच्या थरात, आणि तेही डोंगराकडून खाडीकडे हळूहळू सरकत असतं. म्हणजे आज आमच्या खाली असलेलं पाणी काल दुसऱ्याच्या खाली होतं आणि उद्या तिसऱ्याच्या खाली जाणार आहे.

दुसरी भीती खाडीची होती. किनाऱ्यालगतचं गोडं पाणी खाऱ्या पाण्याला मागे रेटून धरतं. वाळूच्या किनाऱ्यांवर हे गणित स्पष्ट दिसतं: गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीच्या १ मीटर वर असेल, तर समुद्रपातळीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. वरचा १ मीटर उपसून संपवला की त्याच हिशेबाने खारं पाणी वर चढतं. कातळात भेगा वाट देतील तसं होतं, इतकं साधं नसतं, पण दिशा तीच. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं मिलिग्रॅममधलं प्रमाण, जानेवारीत सहाशेच्या आसपास असायचा, तो मे अखेर चौदाशेच्या वर गेला होता. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम चालतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००. आम्ही हे पाणी पीत नाही, पण चढता आकडा काय सांगतो ते उघड होतं.

पहिली संयुक्त बैठक पलीकडच्या सोसायटीच्या ऑफिसात झाली. त्यांचे सचिव, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आमच्याकडचे एक जण म्हणाले, तुमच्या पाच अश्वशक्तीच्या मोटरने आमचा बोअर कोरडा केला. त्यांच्याकडून लगेच उत्तर आलं की, तुमचे फ्लॅट दुप्पट, तुमचा उपसाही दुप्पट, आणि तुमचं पाणी आमच्यापेक्षा वर आहे असं आमचा प्लंबर सांगतो. दोन्हीकडे तक्रारी भरपूर होत्या आणि मोजलेली गोष्ट एकही नव्हती. उठताना अण्णा मला म्हणाले, "बाई, आधी मोजू या. भांडायचं असेल तर आकडा घेऊन भांडू."

मोजण्याआधी मी कायदा धुंडाळला, कारण आमच्यातल्या काहींना वाटत होतं की कुठेतरी अर्ज केला की निकाल लागेल. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ७ मध्ये एक उदाहरण दिलेलं आहे: आपल्या जमिनीखालचं जे पाणी ठरावीक प्रवाहातून वाहत नाही, ते गोळा करून वापरण्याचा हक्क जमिनीच्या मालकाचा. पाणी जमिनीबरोबर मालकीचं होतं, ते या विचारामुळे. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम, जो १ जून २०१४ पासून अमलात आला, या विचारापासून बराच पुढे गेला आहे. तो ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर मानतो, अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी आणि उद्योगांसाठी तशा विहिरींना मनाई करतो, आणि पाण्याचा कारभार पाणलोट क्षेत्राच्या समितीकडे देण्याची कल्पना मांडतो. पाणलोट म्हणजे पाण्याने स्वतः आखलेली हद्द. हा कायदा वाचताना मला खरोखर आनंद झाला. पण पाणलोट अधिसूचित झालेला नसेल तर दोन शेजाऱ्यांच्या दोन बोअरपर्यंत तो थेट पोहोचत नाही.

राज्याराज्यांत तरी काय आहे ते पाहिलं. कृष्णेच्या वाटपाचा बच्छावत लवाद आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा. त्या निवाड्यात महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांना आपापल्या हद्दीतलं भूजल वापरायची मोकळीक दिली आणि तो वापर कृष्णेच्या वाट्यात धरायचा नाही असं ठरवलं. म्हणजे नदीचा हिशेब अब्ज घनफुटांत आणि नदीकाठच्या विहिरींचा हिशेबच नाही; प्रत्यक्षात उन्हाळ्यात नदीला वाहतं ठेवणारं पाणी बऱ्याच अंशी जमिनीतूनच झिरपून येतं. कावेरीच्या वादात मात्र १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतलं १० अब्ज घनफूट भूजल हिशेबात धरलं आणि कर्नाटकाचा वाटा १४.७५ अब्ज घनफुटांनी वाढवला. भूजलाची नदीच्या वाट्यात अशी मोजणी व्हायला इतकी वर्षं जावी लागली. हे सगळं कळल्यावर कुणीतरी वरून निकाल देईल, ही आशा मी सोडली आणि समझोता आपणच करायचा या मतावर आले.

दोन्ही पालिकांच्या पाणीखात्यात आम्ही एकत्र गेलो. दोन्हीकडे नीट ऐकून घेतलं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या ठाण्यातल्या भूवैज्ञानिकांनी जास्त वेळ दिला. ही यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. त्यांनी सांगितलं की याच चार महिन्यांत मोजा, म्हणजे तुमचे आकडे आमच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. आणि दोन्ही बोअर एकाच शून्यापासून मोजा, नाहीतर मोजलेलं सगळं वाया जाईल.

हे एकाच शून्याचं काम अण्णांनी केलं. बोअरची पातळी आपण केसिंगच्या, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या बाहेरच्या पाइपच्या, तोंडापासून मोजतो, पण दोन बोअरची तोंडं एका उंचीवर नसतात. अण्णांनी गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी आणली, शंभर फुटी. ती पाण्याने भरली आणि आतला एकेक बुडबुडा टिचक्या मारत बाहेर काढला. बुडबुडा राहिला तर लेव्हल खोटी येते. भिंतीतल्या पाणी जायच्या भोकातून नळी पलीकडे ओढली. एक टोक आमच्या केसिंगशी मी धरलं, दुसरं त्यांच्या केसिंगशी अण्णांनी. पाणी स्थिर झाल्यावर दोन्हीकडे खुणा केल्या. आमच्या केसिंगचं तोंड त्यांच्यापेक्षा सव्वादोन फूट वर निघालं.

मग टेप. बोअरच्या झाकणात बोटभर भोक असतं, त्यातून वजन बांधलेली स्टीलची टेप सोडायची. टेपच्या खालच्या काही फुटांना खडू फासायचा. नव्वद फुटांची खूण केसिंगच्या तोंडाशी आली की थांबायचं, वर ओढायचं आणि खडू कुठपर्यंत भिजलाय ते पाहायचं. चार फूट भिजला असेल तर पाणी शहाऐंशी फुटांवर. आमचं पाणी त्या दिवशी शहाऐंशीवर होतं, त्यांचं त्र्याऐंशीवर. नुसतं टेपवर पाहिलं तर तीन फुटांचा फरक, आणि तोही त्यांचं पाणी वर असल्याचा. त्यांचा प्लंबर नेमकं उलट सांगत आला होता. सव्वादोन फूट वजा केल्यावर उरला पाऊण फूट. बैठकीत एवढी आदळआपट झाली होती ती पाऊण फुटासाठी, आणि या पाऊण फुटालाही तक्रारीचं कारण म्हणता येत नव्हतं.

खरी चाचणी त्यानंतरच्या रविवारी. दोन्ही मोटरी रात्रभर बंद ठेवल्या. सकाळी पातळी घेतली. मग फक्त आमची मोटर सुरू केली आणि पलीकडे अण्णा दर दहा मिनिटांनी टेप सोडत राहिले. पहिल्या दोन मोजण्यांत काहीच नाही. तिसऱ्यात तीन इंच. तासाभरात त्यांची पातळी दीड फूट उतरली होती, त्यांची मोटर बंद असताना. अण्णांनी टेप पुसली, नव्याने खडू लावला, पुन्हा सोडली, आकडा तोच. दुपारी उलट केलं. त्यांची मोटर चालू, आमची बंद, आणि आमची पातळी तितक्याच सुमाराने खाली. दोन्ही सोसायट्यांचे मिळून वीसेक लोक ऊन झेलत उभे होते आणि वही हातोहात फिरत होती. दोन्ही बोअर एकाच भेगेवर आहेत, याबद्दल त्यानंतर कुणी वाद घातला नाही.

उताराला गावाची जुनी दगडी विहीर आहे. तीही आम्ही त्या दिवशी मोजली, आणि संध्याकाळपर्यंत ती चार बोटं खाली गेली होती. कठड्याशी बसलेल्या आजी आमचं मोजणं पाहत होत्या. म्हणाल्या, "पूर्वी मे म्हयन्यातपन दोराला जोड द्यावा लागत नवता." या विहिरीवर अजून कपडे धुतले जातात आणि लग्नाआधी तिची पूजा होते. आम्ही दोन सोसायट्या वाटणी करायला निघालो होतो आणि आमच्या आधीपासूनचा तिसरा वाटेकरी कुणाच्याच यादीत नव्हता. गावातली एक व्यक्ती समितीत घ्यायची, हे तिथेच ठरलं.

समझोता कसा लिहायचा, यासाठी मी जगातले नमुने शोधले. दोन किंवा अधिक देशांत विभागलेले ४६८ भूजलसाठे २०२१ च्या जागतिक नकाशात नोंदवलेले आहेत, आणि त्यांतल्या बोटांवर मोजण्याइतक्यांसाठीच स्वतंत्र करार झालेले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने चुसेई यामादा या जपानी प्रतिवेदकांच्या पुढाकाराने १९ कलमांचा मसुदा तयार केला आणि डिसेंबर २००८ मध्ये आमसभेने त्याची नोंद घेतली. न्याय्य वापर, शेजाऱ्याला मोठी इजा न करणं, माहितीची नियमित देवाणघेवाण आणि शक्यतो संयुक्त निरीक्षण, अशी त्याची तत्त्वं आहेत. आपल्या उपखंडात मात्र १९६० चा सिंधू करार आणि १९९६ चा गंगा करार, दोन्हींचा भर नद्यांच्या वाहत्या पाण्यावर आहे. सीमेपलीकडे पसरलेलं जमिनीखालचं पाणी सीमेच्या दोन्ही बाजूंचे देश आपापल्या परीने उपसत राहतात.

मला सर्वांत जवळचा वाटला तो जिनिव्हाचा नमुना. तिथला भूजलसाठा स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेखाली आहे. १९६० नंतरच्या वीस वर्षांत अतिउपशाने त्याची पातळी ७ मीटरहून अधिक उतरली होती. तोडगा काढला तो जिनिव्हाच्या प्रांतिक सरकाराने आणि सीमेपलीकडच्या फ्रेंच जिल्हा प्रशासनाने, १९७८ मध्ये. दोन्ही देशांच्या राजधान्यांनी नव्हे, ज्यांच्या नळाला ते पाणी येतं त्यांनीच. दोन्ही बाजूंचे तीन-तीन सदस्य असलेला आयोग नेमला. जिनिव्हाने १९८० पासून आर्व्ह नदीचं पाणी शुद्ध करून जमिनीत सोडायचं केंद्र चालवलं. पाणी सीमेच्या एका बाजूला मुरवायचं आणि लाभ दोन्हीकडे, मग खर्च कुणाचा? त्यांनी उपशावर मीटर बसवले. फ्रेंच बाजूला वर्षाला २० लाख घनमीटर पाणी मोफत, त्यापुढच्या उपशावर पुनर्भरणाच्या खर्चाचा वाटा, आणि ५० लाख घनमीटरची कमाल मर्यादा. तीस वर्षं हा करार चालला आणि २००७ मध्ये तो नव्याने केला गेला.

दुसरा नमुना जॉर्डन आणि सौदी अरेबियाचा, २०१५ चा. अल-साग किंवा अल-दिसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साठ्यासाठी त्यांनी सीमेलगतचा एक पट्टा ठरवला आणि त्यातला उपसा बंद करायचं मान्य केलं. दक्षिण अमेरिकेतल्या ग्वारानी साठ्याचा चार देशांचा करार २०१० मध्ये झाला, पण सगळ्यांची मंजुरी मिळून तो अमलात यायला २०२० उजाडलं. या उदाहरणावरून मी एक धडा घेतला: मंजुरीला लागणारी ताकद आधीच लावायची. म्हणून मसुदा दोन्ही सर्वसाधारण सभांसमोर नेण्याआधी अण्णा आणि मी दारोदार फिरून तो समजावून सांगितला.

सर्वांत जास्त वाद पुनर्भरणावर झाला. आमची गच्ची मोठी, त्यामुळे पावसाचं पाणी मुख्यतः आमच्याकडून जमिनीत जाणार. आमच्या सभेत लोक उठून विचारायला लागले की, आपल्या गच्चीचं पाणी त्यांनी का उपसायचं. मी जिनिव्हाचा हिशेब फळ्यावर मांडला. दोन्ही बोअरना मीटर बसवायचे, पुनर्भरणाच्या खड्ड्याचा खर्च मीटरच्या युनिटप्रमाणे वाटायचा, आणि गावच्या विहिरीकडून काहीही घ्यायचं नाही. तरीही काही जण नाराज राहिले. बहुमताने ठराव झाला.

समझोत्यात मोटरीच्या वेळा आळीपाळीच्या केल्या; दोन्ही एकाच वेळी कधीही चालवायच्या नाहीत, आणि एप्रिल-मेमध्ये रात्री दहा ते पहाटे पाच दोन्ही बंद. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पन्नास फुटांच्या पट्ट्यात नवा बोअर नाही. जुना बोअर ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे दोनशे फुटांच्या, खाली न्यायचा नाही. टीडीएस पंधराशेवर गेला की दोघांनीही उपसा निम्मा करायचा, दोष कुणाचा हे न विचारता. वही एकच, पाळीपाळीने दोन्ही ऑफिसांत राहील, आणि कुणाही रहिवाशाला पाहता येईल. समितीत दोन-दोन सदस्य आणि गावातली एक व्यक्ती. ठरावांच्या प्रती दोन्ही पालिकांना आणि भूजल यंत्रणेला देऊन पोच घेतली.

पुनर्भरणाचा खड्डा मेअखेर पूर्ण झाला: खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर जाड वाळू, आणि पहिल्या पावसाचं मळकं पाणी बाहेर काढून द्यायला वेगळा व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह विसरला तर गच्चीवरची घाण सरळ बोअरमध्ये जाते, म्हणून तो दोघा वॉचमनांच्या कामाच्या यादीत लिहिला आहे. त्यानंतरच्या मे महिन्यात आमची पातळी शहाऐंशीऐवजी चौऱ्याहत्तर फुटांवर होती आणि टीडीएस अकराशेच्या आत. एका पावसाळ्यावरून निष्कर्ष काढू नका, असं भूवैज्ञानिकांनी बजावलं आहे आणि ते बरोबरच आहे. पण टँकर मागवावा लागला नाही, आणि गावच्या विहिरीला तळाशी हातभर का होईना, पाणी राहिलं.

आता प्रश्न वरच्या अंगाचा आहे. डोंगराच्या बाजूला नवीन टॉवरचं काम सुरू झालं आहे आणि तिथे बोअर घ्यायचे ठरताहेत. पाणी तिकडूनच आमच्याकडे येतं, आणि आमचा पन्नास फुटांचा पट्टा त्यांना लागू नाही. आम्ही त्यांना समितीत यायचं पत्र दिलं. त्यांच्या इंजिनीअरने वही मागून घेतली, सगळे आकडे उतरवून घेतले आणि ऑक्टोबरच्या मोजणीला येतो म्हणून कळवलं. लेव्हलची नळी त्यांच्या प्लॉटपर्यंत एका दमात पोहोचत नाही, त्यामुळे मध्ये खुणा करत तीन टप्प्यांत शून्य न्यावा लागणार आहे. ते काम पाऊस थांबल्याबरोबर करायचं ठरलं आहे, आणि टेप त्या दिवशी तिन्ही ठिकाणी एकच वापरायची, हे अण्णांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.